डॉरोथी आर्झनर: मासेमारीच्या काठीला माईक बांधणारी दिग्दर्शिका

१९३०च्या दशकात हॉलिवुडच्या मोठ्या स्टुडिओंसाठी सातत्याने चित्रपट करणारी जवळपास एकटी बाई म्हणजे डॉरोथी आर्झनर. सुरुवात १९१९ साली, पटकथा टाईप करण्याच्या नोकरीपासून. तिथून संकलनाकडे. रुडॉल्फ व्हॅलेंटिनोच्या 'ब्लड अँड सँड'मध्ये (१९२२) बैलझुंजीची जुनी दृश्यं तिने नव्या चित्रणात बेमालूम मिसळली आणि स्टुडिओचा बराच खर्च वाचवला. पुढे तिने पॅरामाउंट स्टुडिओला थेट बजावलं: दिग्दर्शन द्या, नाहीतर मी चालले कोलंबिया स्टुडिओत. १९२७मध्ये 'फॅशन्स फॉर विमेन' हाती आला!

१९२९चा 'द वाइल्ड पार्टी' हा क्लारा बोचा पहिला बोलपट. तेव्हा माईक सेटवर एका जागी लपवलेले असत, त्यामुळे नटांना त्यांच्याजवळच खिळून राहावं लागे. मूकपटात मनसोक्त बागडलेली क्लारा बावरली. आर्झनरने माईक मासेमारीच्या काठीला टांगून तिच्या डोक्यावर फिरवला. (अशा युक्तीचं श्रेय इतरांनाही दिलं जातं, पण हा किस्सा माझा लाडका.)

तिचा एकच चित्रपट पाहणार असाल तर 'डान्स, गर्ल, डान्स' (१९४०) पाहा. नाच थांबवून मॉरीन ओहारा समोरच्या आंबटशौकीन प्रेक्षकांना जे सुनावते, ते आजही झोंबतं. तेव्हा चित्रपट साफ पडला; त्याची कदर सत्तरच्या दशकात स्त्रीवादी समीक्षकांनी केली.

१९४३नंतर तिने हॉलिवुड सोडलं. पुढे लॉस एंजेलिसमधल्या विद्यापीठात ती चित्रपट शिकवत असे. विद्यार्थ्यांमध्ये एक होता पुढे नामवंत दिग्दर्शक झालेला फ्रान्सिस फोर्ड कपोला.