कान आणि नाद (भाग ७) : हळव्या कानांसाठी लॅटिन रॉक

मागच्या भागात आपण हळव्या कानाची ओळख करून घेतली. मिक्सर लागला की दोन्ही कान दाबून धरणारं स्वमग्न मूल, अर्धशिशी उठली की भांड्यांचा आवाजही न सोसणारी आई, चारचौघांना साधे वाटणारे आवाज ज्यांच्या कानात अक्षरशः दुखतात असे हायपरअॅक्युसिसचे रुग्ण. अशा माणसांनी संगीत ऐकायचंच नाही, असं घरचे ठरवून टाकतात. ते बरोबर नाही. आज मुद्दाम असा प्रकार घेतला आहे, जो अशा कानांसाठी कुणी सुचवणार नाही: शब्द नसलेला, वाद्यांचा लॅटिन रॉक.

आवाज कानाला का बोचतो, ते आधी पाहू. आपण सगळा दोष मोठेपणाला देतो. तो दोष खराच आहे. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि लग्नसराईत खामगाव, चिखली, मलकापूरच्या रस्त्यांवर वरात निघाली की ती किती पाळली जाते, हे बुलढाणा जिल्ह्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पण हळव्या कानाला मोठेपणाबरोबर आणखी तीन गोष्टी छळतात.

पहिली, आवाजाची चढण. आपल्या मध्यकर्णात एक इवलासा स्नायू आहे. मोठा आवाज आला की तो आखडतो आणि आत जाणारा धक्का थोडा कमी करतो. पण त्याला आखडायला सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत वेळ लागू शकतो. ताशावरची कडक काडी त्याच्या कितीतरी आधी आत पोचलेली असते. दुसरी, आवाजाची धार. साधारण २००० ते ५००० हर्ट्झच्या पट्ट्यात माणसाचा कान सर्वांत तीक्ष्ण असतो, आणि धातूवर धातू आपटल्याचे आवाज नेमके तिथेच जोर करतात. तिसरी गोष्ट म्हणजे अंदाज. पुढचा ठोका कधी येणार हे कळलं, तर मेंदू तयार राहतो. कळलं नाही, तर प्रत्येक ठोक्याला दचकतो.

आता लॅटिन रॉक या तीन कसोट्यांवर लावून बघू.

या संगीताचं सर्वांत मोठं नाव कार्लोस सांताना. जन्म १९४७, मेक्सिकोतल्या हालिस्को प्रांतात. वडील मारियाची वाद्यवृंदातले व्हायोलिनवादक. १९६६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत त्याचा बँड उभा राहिला. इलेक्ट्रिक गिटार, हॅमंड ऑर्गन आणि ड्रम्स यांच्या जोडीला त्यात क्यूबाकडची तालवाद्यं आली. तळहाताने वाजणारा काँगो आला, धातूच्या खोडाचे टिंबालेस आले, खरवडून वाजवायचा ग्विरो आला.

ही वाद्यं आपल्याला परकी नाहीत. मुंबईच्या स्टुडिओंत कावस लॉर्ड यांनी काँगो-बाँगो हिंदी चित्रपटसंगीतात रुजवले. सी. रामचंद्र यांच्या १९५१ च्या ‘अलबेला’मध्ये लॅटिन ठेका घरोघरी पोचला. पुढे आर. डी. बर्मन यांच्या वाद्यमेळात अमृतराव काटकर यांनी ग्विरोच्याच कुळातलं रेसो-रेसो असं वाजवलं की त्यांची ती खरखर जुन्या रेडिओवरही ओळखू येते. बुलढाण्यातल्या आजोबांनी हा ठेका ऐकलेला आहे, फक्त त्याचं नाव ऐकलेलं नाही.

या ठेक्याच्या मुळाशी क्लावे असते: दोन मात्राखंडांत वाटलेले पाच ठोके, एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला दोन. बाकीची वाद्यं या पाच ठोक्यांना धरून चालतात. चार-सहा आवर्तनं ऐकली की कान पुढचं आवर्तन आधीच मांडून ठेवतो. वरवर गजबजलेलं हे संगीत म्हणूनच अंदाजाच्या कसोटीला उतरतं. आषाढीहून परतलेली गजानन महाराजांची पालखी खामगावहून शेगावकडे निघते, तेव्हाचे टाळ आठवा. आवाज लहान नसतो, धातूचाच असतो, पण पावलाला बांधलेला असतो. फटाक्यासारखा अंगावर येत नाही.

आता एक रचना जवळून ऐकू. ‘साम्बा पा ती’, १९७० च्या ‘अब्राक्सास’ या अल्बममधली, जेमतेम पावणेपाच मिनिटांची. सुरुवातीला ऑर्गनच्या मंद स्वरांवर एकटी गिटार बोलू लागते. सांताना तार बोटाने वर ढकलतो आणि सूर मींड घेत चढतो. म्हणजे आवाजाला चढण आहे, पण कडा नाही. अॅम्प्लिफायर तापवलेला असल्याने सूर मरत नाही, लांबत राहतो; शिवाय त्यातून जोरकस आणि हलक्या आघातांमधलं अंतर दाबलं जातं, त्यामुळे पातळी बरीचशी सारखी राहते. मध्यावर लय उचल खाते, काँगो पुढे येतो, पण काँगोचा मूळ आवाज कातड्यावरच्या तळहाताचा, आपल्या ढोलकीच्या धूमेसारखा गोल असतो. शेवटी आवाज हळूहळू विरतो. शब्द नसल्याने अर्थ लावण्याचं ओझंही नाही.

‘युरोपा’ (१९७६) अशीच, जरा अधिक आर्त. आणि १९७२ चा ‘कॅराव्हानसराय’ हा अल्बम तर रातकिड्यांच्या आवाजाने सुरू होतो. शिवारात रात्र काढलेल्या माणसाला ही सुरुवात ओळखीची वाटेल.

पण सगळाच लॅटिन रॉक हळव्या कानाला मानवेल असं नाही, आणि हे स्पष्ट सांगायला हवं. ‘सोल सॅक्रिफाइस’ ही १९६९ मध्ये वुडस्टॉक महोत्सवात गाजलेली रचना. तिथे वीस वर्षांच्या मायकेल श्रीव्हने वाजवलेला ड्रम सोलो थोर आहे, पण हळव्या कानाला तो जड जाईल. ‘इन्सिडेंट अॅट नेशाबुर’मध्ये लय आणि जोर अचानक पालटतात, म्हणजे अंदाजच चुकतो. टिंबालेसच्या काठावरचा कडाका आणि काउबेलची टणटण नेमकी त्या तीक्ष्ण पट्ट्यात येते. रॉड्रिगो आणि गॅब्रिएला या मेक्सिकन जोडीच्या नायलॉन तारांच्या गिटारी कर्कश नाहीत, पण ती जोडी गिटारीच्या अंगावर तबल्यासारखी थाप मारते. त्यांच्याकडे नंतर वळावं.

ऐकण्याची रीतही सांगतो. मोबाइलचा स्पीकर टाळा. त्यात खालचे सूर गळतात आणि धारदार तेवढे उरतात. साधा, थोडा मोठा स्पीकर खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. इक्वलायझर असेल तर वरच्या पट्ट्या थोड्या उतरवा. शफल बंद ठेवा, तीच रचना आठवडाभर लावा. ओळख हेच इथे औषध आहे. हेडफोन लावायचाच असेल, तर जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लक्षात असू द्या: मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल, मुलांसाठी ७५. दर तीन डेसिबल वाढले की तास निम्मे होतात. आणि दिवसभर कानात बोळे घालून ठेवू नका. सततच्या शांततेने मेंदू आपली संवेदनशीलता आणखी वाढवतो आणि कान अधिकच हळवा होतो. त्रास रोजचा असेल, तर श्रवणतज्ज्ञांना दाखवा. संगीत हा उपचाराला पर्याय नाही.

घरच्यांना एकच विनंती. आपलं माणूस कानावर हात ठेवतं तेव्हा ते नाटक करत नसतं. त्याला ‘सवय होईल’ म्हणून आवाजात बसवू नका. रचना तुम्ही सुचवा, पण आवाज कमी-जास्त करण्याचं बटण त्याच्याच हातात द्या, आणि त्याने बंद केलं तर कारण विचारू नका. कधी थांबायचं हे आपल्या हातात आहे, एवढी खात्री पटली की हळवा कानही ऐकायला बसतो.

पुढच्या आठवड्यात : संबळ, डफडं आणि वऱ्हाडातली चामड्याची वाद्यं.