चंद्र कुठल्या बाजूला होता?

माळ्यावरचा पत्र्याचा डबा खाली काढला तो पुढच्या सिंहस्थाच्या निमित्ताने. २०२७ जवळ येतंय तशी ओळखीतली तरुण मंडळी मागे लागली आहेत, ‘काका, जुनं काही असेल तर काढून ठेवा, प्रदर्शन लावू.’ डब्यातून बटर पेपरच्या पाकिटांतल्या निगेटिव्ह निघाल्या, कुबट वासासकट. पाकिटांवर माझंच अक्षर होतं: ‘गंगेवर, रात्र. ४०० चा रोल १६०० ला. एफ २, १/१५.’ जुना नाशिककर गोदावरीला गोदावरी म्हणत नाही. तो गंगेवर जातो आणि बुधवारचा बाजारही गंगेवरच करतो.

दोन सिंहस्थ या डब्यात आहेत, १९९१ आणि २००३. तिसरा, २०१५ चा, एका हार्ड डिस्कवर आहे. चार दिवस खिडकीच्या काचेला पट्ट्या लावून बघत बसलो आणि फोटोंपेक्षा जास्त माझ्या तेव्हाच्या मतांची गंमत वाटत राहिली. फ्लॅश न मारता, आहे त्या उजेडात रात्रीचे फोटो काढायचे, हा आमचा तेव्हाचा हट्ट. पुढे मी अशा फोटोंचा परीक्षकही झालो. त्या काळात कशाला चांगलं म्हणालो आणि कशाला बाद केलं, ते आठवून काही ठिकाणी कान गरम होतात.

१९९१ मधलं निम्म्याहून अधिक वाया गेलेलं आहे. त्र्यंबकेश्वरला कुशावर्तावर शैव आखाड्यांची स्नानं अंधार असतानाच सुरू होतात. पावसाळ्यातलं त्र्यंबक म्हणजे वरून धार, खाली चिखल आणि लेन्सवर सतत दव. चारशे स्पीडचा रोल सोळाशेचा आहे असं कॅमेऱ्याला खोटं सांगायचं आणि मग डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवून ते खोटं निभावून न्यायचं, ही तेव्हाची सर्वमान्य युक्ती. त्याला आम्ही ‘पुश करणं’ म्हणायचो. त्यातली मेख अशी की, जास्त वेळ धुतल्याने उजळ भाग आणखी उजळतो, सावलीत मात्र काहीच उगवत नाही. फिल्मवर उजेड पडलाच नसेल तर रसायन काय करणार? म्हणून त्या पट्ट्यांत साधूंच्या कपाळावरचं भस्म चुन्यासारखं झालंय आणि डोळ्यांच्या जागी खड्डे आहेत.

रोल घरीच धुवायचो, न्हाणीघरात, सगळे झोपल्यावर. याच त्र्यंबकेश्वरात १८७० साली जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांच्या घरीही ‘राजा हरिश्चंद्र’च्या वेळी दिवसा सूर्याच्या उजेडात चित्रण आणि रात्री फिल्म धुणं असंच चाले, आणि त्या कामात त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई बरोबरीने राबत. हा दाखला मी घरात देऊन पाहिला होता. उपयोग झाला नाही.

त्या ढिगात एक फ्रेम मात्र अजून टिकून आहे. कुशावर्ताच्या पायऱ्या, कडेच्या ओवरीत लटकणारा एकच बल्ब, आणि पाण्यात उतरणारा एक जटाधारी, पाठमोरा. चेहरा नाहीच. दिसते ती खांद्याची कड, जटेवरून निथळणारं पाणी आणि ओल्या पायऱ्यांवर पडलेली बल्बची लांब रेघ. तेव्हा मी ही फ्रेम ‘चेहरा नाही’ म्हणून फुलीखाली टाकली होती. आज बघताना कळतं की पावसाने माझ्यासाठी दुसरा दिवा लावला होता. कोरडा दगड उजेड पिऊन टाकतो, ओला दगड तो परत देतो. रात्री काढलेल्या चांगल्या फोटोंपैकी कितीतरी पावसानंतरचे असतात ते यामुळेच.

दगडावरून काळाराम आठवला. काळ्या पाषाणातलं ते देऊळ कॅमेऱ्याच्या मीटरला हमखास फसवतं. मीटरची समजूत अशी की जग सरासरीने करडं आहे. समोर काळा दगड आला की त्याला वाटतं उजेड कमी पडतोय, आणि तो शटर जास्त वेळ उघडं ठेवायला सांगतो. त्याचं ऐकलं तर काळाराम राखाडीराम होतो आणि समया पांढऱ्या ठिपक्यांसारख्या फुटतात. मीटर सांगेल त्याहून एक-दोन स्टॉप कमी द्यायचं, एवढा एक धडा मला त्या देवळाने दिला. आजही नवशिक्याला रात्रीचे फोटो शिकायचे असतील तर मी आधी तिथेच पाठवतो.

२००३ चा गठ्ठा रंगीत, आठशेच्या स्पीडचा. तोवर रस्तोरस्ती सोडियमचे दिवे आले होते. त्या पिवळसर केशरी उजेडात निळा आणि हिरवा रंग जवळजवळ नसतोच, त्यामुळे निळी साडीसुद्धा मातकट दिसायची. खरी मारामारी मात्र लॅबमध्ये होती. लॅबच्या मशीनला रात्र कळत नसे. फ्रेममध्ये काळं जास्त दिसलं की ते ‘फोटो अंधारा आलाय’ समजून उजळवून टाकी. आभाळ करडं आणि दाणेदार व्हायचं, दिवे फिकट. एकदा तपोवनातल्या साधुग्रामातली धुनी अशी आली की साधू दुपारी बाराला शेकत बसलेत असं वाटावं. मग मी पाकिटावर लाल पेनने लिहायला लागलो: ‘रात्रीचा आहे. उजळवू नये.’ काउंटरवरचा पोरगा ते मोठ्याने वाचून हसायचा आणि मशीन आपलं काम करायचं.

धुनीचं एक सांगायला हवं. फ्लॅश मारला की धुनीचा उजेड मरतो, मागचा तंबू काळ्यात बुडतो आणि पुढचं माणूस पाकिटाच्या कागदासारखं सपाट दिसतं. म्हणून आम्ही फ्लॅश टाळायचो. पण त्या नादात एक चूक सगळेच करायचो, ती म्हणजे ज्वालेवर एक्स्पोझर धरायचं. ज्वाला छान यायची, माणूस गायब. धरायला हवं ते ज्वालेने उजळलेल्या गालावर किंवा तळहातावर. ज्वाला थोडी फुटली तरी चालते, ती फुटायचीच वस्तू आहे. त्याहून सोपा उपाय म्हणजे दोन पावलं सरकून ज्वाला कुणाच्या तरी पाठीआड ठेवायची. म्हणजे उजेड दिसतो आणि दिवा दिसत नाही.

पॅरिसच्या रात्री टिपणारा ब्रासाई म्हणे सिगारेटवर एक्स्पोझर मोजायचा, उजेड बरा असेल तर एका जातीची, कमी असेल तर लांब चालणारी दुसरी. त्याचं ‘पारी द न्यूई’ हे पुस्तक १९३३ मध्ये निघालं. आम्हाला गंगेवर सिगारेट ओढायची सोय नव्हती. मनातल्या मनात राम राम म्हणत सेकंद मोजायचो.

आता त्या चंद्राची गोष्ट. साधारण २०१० च्या आसपासची.

स्पर्धा स्थानिकच होती, आम्ही तीन परीक्षक, प्रत्येकाकडे पाच गुण. टेबलावर बारा बाय अठराच्या प्रिंट मांडलेल्या. एका प्रिंटपाशी तिघेही थांबलो. पुढे पाण्यात सोडलेले द्रोणातले दिवे, ते सोडायला वाकलेली एक बाई, पलीकडच्या काठावर सुंदरनारायणाचं शिखर आणि शिखराला लागून पूर्ण चंद्र. आभाळ गडद निळं. मागे एवढंच लिहिलेलं: ‘त्रिपुरी पौर्णिमा, गंगाघाट.’ दोघांनी पाच दिले. मी एक दिला, आणि वर व्याख्यानही. रामकुंडापाशी गंगा दक्षिणेला वळते, म्हणजे पंचवटीचा काठ पूर्वेला आणि जुनं नाशिक पश्चिमेला. पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळताना उगवतो, पंचवटीच्या मागून. सुंदरनारायण आहे नाशिकच्या काठावर. त्रिपुर लावायच्या वेळी चंद्र त्या शिखराशी असूच शकत नाही. शिवाय दिव्यांचा घाट आणि वर चढलेला चंद्र यांच्या उजेडात हजार पटीचं अंतर, दोन्ही एका क्लिकमध्ये नीट येतील कसे? चिकटवलाय! त्या काळी कॉम्प्युटरवर चंद्र चिकटवायची साथच होती. एका स्पर्धेत तर एकच चंद्र, त्याच डागांसकट, तीन वेगवेगळ्या गावांवर उगवलेला मी पाहिला होता. माझे सहकारी ओशाळले, गुण खाली आले, प्रिंट बाद.

बक्षीस समारंभानंतर चहाच्या वेळी एक मुलगा आला. भांडायला आलेला नव्हता. म्हणाला, ‘सर, तो संध्याकाळचा नाही. पहाटेचा आहे.’

कार्तिक स्नान. महिनाभर पहाटे काकडा, गंगेवर आंघोळी, आणि पौर्णिमेला समाप्ती. माझी आई ते करायची, मी लहानपणी तिच्याबरोबर कुडकुडत गेलेलो. पौर्णिमेचा चंद्र पहाटे मावळतो तो पश्चिमेला, जुन्या नाशिकच्या मागे, आणि क्षितिजाशी आला की इतका मंद होतो की उजाडायच्या आधीच्या निळ्या आभाळात दिव्यांबरोबर एका क्लिकमध्ये बसू शकतो. मी प्रिंट पुन्हा मागवून बघितली. बाईचे केस ओले होते. पाठीवर पातळ चिकटलेलं होतं. त्रिपुर लावायला कुणी न्हाऊन ओलेत्याने येत नाही. सगळं समोर होतं, आणि मी होकायंत्र बघत बसलो होतो.

निकाल जाहीर झाला होता, पण बदलता आला असता. मी बदलायला लावला नाही. ‘मागे पहाट लिहायला हवं होतंस’, असं काहीतरी त्यालाच सुनावलं.

तेव्हापासून माझी परीक्षकाची पद्धत थोडी बदलली. प्रिंट हातात घेतली की आधी उजेड मोजतो, म्हणजे किती दिवे आहेत आणि कुठे आहेत ते. फ्रेमबाहेरचे धरून. मग सावल्या त्या दिव्यांचं ऐकतायत का ते बघतो. मग माणसांचे केस, कपडे, पायातलं. ‘नॉइज आहे’, ‘हललाय’ हे शेवटी, आणि फार मनावर न घेता. कारण हलण्यातही दोन जाती आहेत. कॅमेरा हलला तर घाटाच्या पायऱ्यासुद्धा हलतात, तो दोष. पायऱ्या स्थिर आणि आरतीचा हात तेवढा वाहतोय, तर फोटोग्राफर खांबाला टेकून, श्वास धरून उभा होता असं समजावं. आरतीच्या हाताचं तर एक गुपित आहे: वर गेलेला हात वळताना क्षणभर थबकतो. तो थबका सापडला तर १/१५ लासुद्धा चेहरा आणि ज्योत दोन्ही मिळतात.

२०१५ च्या हार्ड डिस्कवर चार हजारांहून जास्त फ्रेम आहेत आणि त्याबद्दल सांगण्यासारखं फार थोडं आहे. सहा हजार चारशेचा आयएसओ सहज वापरता येत होता. घाटावर इतके हायमास्ट लागले होते की रात्र शोधायला गल्लीत शिरावं लागे. सगळं दिसतंय, आणि थांबावं असं थोडंच. पुढे सोडियम जाऊन एलईडी आले, आणि गंमत उलटी झाली. पूर्वी सगळाच उजेड केशरी असल्याने पणती त्यात हरवायची. आता दगड निळा आणि पणती लालभडक. दोघांनाही न्याय देईल असं व्हाइट बॅलन्स नसतंच. एकाच जातीचा उजेड असलेला कोपरा शोधायचा किंवा ते भांडण तसंच फ्रेममध्ये राहू द्यायचं.

२०१८ मध्ये गुगलच्या फोनवर आणि पुढच्या वर्षी आयफोनवर रात्रीचा मोड आला. फोन एकामागून एक अनेक फ्रेम घेतो, त्या एकावर एक जुळवतो आणि अंधारातून सगळं वर काढतो. मला त्याचा राग नाही. हातात धरून असा फोटो १९९१ मध्ये मिळाला असता तर मी नाचलो असतो. पण त्या फोटोंकडे बघताना मला ती लॅब आठवते. फोनलाही रात्र ही दुरुस्त करायची चूकच वाटते. चेहरे मेणाचे होतात आणि आभाळ तिन्हीसांजेसारखं. मुलांना मी एवढंच सांगतो की क्लिक करण्याआधी बोटाने एक्स्पोझर खाली ओढा, आणि काळोखात स्क्रीनवर विश्वास ठेवू नका. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना पडदा खूप उजळ वाटतो, घरी आल्यावर तोच फोटो काळा ठिक्कर निघतो. हिस्टोग्राम बघा. तो झोपलेला नसतो.

डबा उघडल्यानंतरच्या कार्तिकी पौर्णिमेला मी साडेपाचला पंचवटीच्या काठावर जाऊन उभा राहिलो. ट्रायपॉड, जुनी पन्नासची लेन्स, सोळाशे आयएसओ. बायका येत होत्या, द्रोण पाण्यात जात होते, होळकर पुलाकडे सुंदरनारायणाचं शिखर आणि त्याच्या उजवीकडे चंद्र उतरत होता. सहाच्या आधी चंद्र पांढरा फट्ट येत होता. त्यानंतर काही वेळाने तो नीट यायला लागला तेव्हा आभाळ उजळून दिवे फिके पडले. मधली दोन-तीन मिनिटं असावीत, त्यात एक माणूस बादली घेऊन समोर आला. घरी येऊन बघितलं. पाचपैकी तीन.

प्रदर्शनासाठी आतापर्यंत एकोणीस फ्रेम निवडल्या आहेत. कुशावर्तावरचा पाठमोरा जटाधारी पहिला. त्या मुलाची प्रिंट त्यात नाही. त्या दिवशी तो ती गुंडाळून घेऊन गेला होता, आणि मी नावही विचारलं नव्हतं.