पन्नाशीतली लाल गाडी

घाटंजीसारख्या गावात पन्नाशीच्या माणसाचे आयुष्य ठरलेल्या चाकोरीतून आलेले असते. कापसाला बरा भाव मिळाला त्या वर्षी घरावर स्लॅब पडला, मग मुलीचे लग्न झाले, मुलगा नागपूरला किंवा पुण्याला नोकरीला लागला. गाडी घेतली तीही घराच्या सोयीची. आधी दुचाकी, मग डिक्की मोठी असलेली, मायलेज देणारी पांढरी चारचाकी. आणि शेवटचा हप्ता फिटल्यावर हाच माणूस एके रात्री अंथरुणात पडून मोबाइलवर दोन दारांच्या लाल स्पोर्ट्स कारचे व्हिडिओ पाहताना सापडतो. घरचे हसतात. शेजारीपाजारी एका शब्दात निकाल देतात, ‘म्हातारचळ’.

शब्द गमतीचा आहे, पण वैद्यकाच्या दृष्टीने अपुरा. कारण या एकाच मागणीमागे तीन वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात: लहानपणापासून जपलेले स्वप्न, आत साचलेली उदासी किंवा क्वचित एखादा आजार. गाडी परवडते का, हा हिशोबाचा प्रश्न झाला. ती नेमके कोण मागते आहे, हा आरोग्याचा प्रश्न आहे.

मध्यमवयाचे संकट किती खरे?

कॅनडात जन्मलेले मानसविश्लेषक एलियट जॅक्स यांनी 1965 साली एका शोधनिबंधात ‘मध्यमवयातील संकट’ ही कल्पना मांडली. आयुष्य अर्धे संपले, मृत्यू आता दूरची गोष्ट राहिली नाही, या जाणिवेतून माणूस अस्वस्थ होतो, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे सिनेमा आणि जाहिरातींनी या संकटाला लाल स्पोर्ट्स कारचे चित्र चिकटवले. प्रत्यक्षात अमेरिकेत झालेल्या मोठ्या पाहण्यांत असे दिसले, की बहुतेकांना असे संकट येतच नाही. ज्यांना येते, त्यांच्यापैकी अनेकांच्या बाबतीत वय हे कारण नसते. नोकरी जाणे, जोडीदाराचा वियोग, आईवडिलांचा मृत्यू, स्वतःचे आजारपण अशी ठोस घटना त्यामागे असते.

तरीही मध्यमवयात मन थोडे खाली बसते, याला आधार आहे. डेव्हिड ब्लँचफ्लॉवर आणि अँड्र्यू ऑस्वाल्ड या अर्थशास्त्रज्ञांनी अनेक देशांतील आकडेवारी तपासली. त्यात सरासरी समाधान तरुणपणी जास्त, चाळिशीच्या उत्तरार्धात सर्वांत कमी आणि नंतर पुन्हा वाढणारे असे दिसले. 2012 साली संशोधकांनी 508 चिंपांझी आणि ओरांगउटान यांची माहिती त्यांच्या रखवालदारांकडून गोळा केली. त्यांच्यातही मध्यमवयात असाच उतार आढळला. चिंपांझीला ना गृहकर्ज असते, ना मुलांच्या शाळेची फी. म्हणजे या उताराचा काही भाग शरीराच्या जडणघडणीतच असावा. मात्र ही सरासरी आहे. प्रत्येक माणूस त्या वळणावरून जाईलच असे नाही, आणि गेला तरी रस्ता पुढे पुन्हा चढणीला लागतो.

फेरारी आणि मारुती 800

मोटारीच्या स्वप्नाचे महाराष्ट्राला सर्वांत ठाऊक असलेले उदाहरण सचिन तेंडुलकरचे आहे. 2002 साली त्याने डॉन ब्रॅडमनच्या 29 कसोटी शतकांशी बरोबरी केली. त्यानंतर त्याला लाल फेरारी 360 मोडेना भेट मिळाली. ती त्याच्या हाती दिली फॉर्म्युला वनचा विश्वविजेता मायकेल शूमाकरने. तेव्हा सचिन 29 वर्षांचा होता. पुढे त्या गाडीच्या आयातशुल्कावरून देशभर वाद झाला आणि 2011 मध्ये ती विकली गेली.

2020 साली, वयाच्या 47 व्या वर्षी, एका मुलाखतीत त्याने आपली पहिली मारुती 800 परत मिळाली तर आवडेल, असे सांगितले. लहानपणी घराशेजारच्या खुल्या ड्राइव्ह-इन चित्रपटगृहात येणाऱ्या मोटारी भावासोबत गॅलरीतून तासन्‌तास पाहत असल्याची आठवणही त्याने सांगितली. जगातल्या उत्तमोत्तम गाड्या चालवलेल्या माणसालाही ओढ वाटते ती पहिल्या गाडीची. मध्यमवयातली ‘स्वप्नातली गाडी’ अनेकदा पत्रा आणि इंजिन यांच्या पलीकडची असते. तिच्यात आपले तरुणपण, तेव्हाची माणसे आणि तेव्हा न परवडलेली एखादी हौस बसलेली असते.

हवी वाटते, पण आवडते का?

मेंदूत ‘हवे वाटणे’ आणि ‘आवडणे’ या दोन वेगळ्या यंत्रणा आहेत, हे मिशिगन विद्यापीठातील केंट बेरिज यांच्या संशोधनातून पुढे आले. हवे वाटण्याचा संबंध मुख्यतः डोपामिन या रसायनाशी आहे. आवडण्याची यंत्रणा वेगळी आणि बरीच लहान आहे. म्हणून शोरूमच्या काचेतून दिसणारी गाडी जितकी खेचते, तितका आनंद ती दारात उभी राहिल्यावर देईलच असे नाही. सहा महिन्यांनी ती ‘आपली गाडी’ होते, आणि सवय झालेल्या गोष्टीकडे मेंदू फार लक्ष देत नाही.

शरीरही यात भाग घेते. कॅनडातील कॉन्कॉर्डिया विद्यापीठात 39 तरुणांना आधी-नंतर करून एक महागडी पोर्शे आणि एक जुनी टोयोटा चालवायला दिली. त्यांच्या लाळेची तपासणी केली तेव्हा पोर्शे चालवल्यानंतर टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक वाढलेले आढळले. छाती फुगल्यासारखी वाटते ती निव्वळ कल्पना नव्हे, हे खरे. पण ही वाढ तात्पुरती असते. मानसशास्त्रज्ञ नॉर्बर्ट श्वार्त्स आणि सहकाऱ्यांचा निष्कर्ष तर आणखी बोलका आहे. ‘गाडी चालवताना साधारण कसे वाटते?’ असे विचारले की महाग गाडीचे मालक जास्त आनंद नोंदवतात. पण ‘अगदी अलीकडच्या फेरीत कसे वाटले?’ असे विचारल्यावर गाडीच्या किमतीचा आणि आनंदाचा संबंध उरत नाही. कारण रोजच्या फेरीत माणूस गाडीचा विचार करतच नाही. त्याच्या डोक्यात बँकेचे काम, उशीर आणि समोरचा ट्रक असतो.

यातून शहाणपणाची गोष्ट एवढीच निघते, की आनंद गाडी बाळगण्यापेक्षा तिच्यासोबत काय करतो यात जास्त आहे. जुन्या मित्रांना घेऊन केलेली सहल मनात राहते. अंगणात आच्छादनाखाली उभी असलेली गाडी फक्त हप्त्याची आठवण करून देते.

गाडी नवी, शरीर पन्नाशीचे

आपल्या भाषेने या वयाची खूण कधीच टिपून ठेवली आहे. जवळचे वाचण्याच्या चष्म्याला आपण ‘चाळिशी’ म्हणतो. डोळ्यातले भिंग ताठर होत गेल्याने ती लागते. स्पोर्ट्स कार चालवताना नजर सतत रस्त्यावरून डॅशबोर्डवर आणि परत रस्त्यावर फिरते. त्यातला प्रत्येक बदल आता किंचित उशिरा होतो. पन्नाशीत डोळ्याच्या पडद्यापर्यंत प्रकाशही कमी पोचतो, आणि समोरच्या गाडीच्या झोताने दिपलेले डोळे सावरायला तरुणपणापेक्षा जास्त वेळ लागतो.

हा उशीर वेगाने गुणला जातो. ताशी 60 किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे 17 मीटर जाते, तर ताशी 100 ला सुमारे 28 मीटर. वेग दुप्पट केला की ब्रेक लावल्यानंतर थांबण्यासाठी लागणारे अंतर साधारण चौपट होते. घाटंजीहून यवतमाळ किंवा पांढरकवड्याकडे निघालेल्या माणसाला संध्याकाळच्या अंधूक उजेडात काय आडवे येते, हे सांगायला नको. कापसाची बंडी, घरी परतणारी गुरे, एकाएकी रस्त्यावर उडी घेणारी रोही. टिपेश्वर अभयारण्याच्या परिसरात तर रस्ता माणसाइतकाच वन्यप्राण्यांचाही आहे. जमिनीलगत बसणारी गाडी गावच्या गतिरोधकावर घासते. शिवाय तिच्या खोल आसनात बसणे आणि उठणे कंबरदुखी व गुडघेदुखी असलेल्याला जड जाते.

म्हणून शोरूमच्या आधी दवाखान्याची एक फेरी व्हावी. दूरची आणि जवळची नजर, काचबिंदू, मोतीबिंदू तपासावेत. रक्तदाब आणि साखर पाहावी. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांना गाडी चालवताना साखर एकदम कमी होण्याचा धोका असतो. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली तर गाडी लगेच बाजूला घ्यावी आणि जवळ साखर ठेवावी. मोठ्याने घोरणाऱ्या आणि दिवसा पेंगणाऱ्या माणसाने झोपेतील श्वासरोधाची तपासणी करून घ्यावी. या आजारात भरदिवसा स्टीअरिंगवर डुलकी लागते. चाळिशीनंतर वाहनपरवान्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. ते सही-शिक्क्यापुरते न मिळवता खरोखर तपासून घेतले, तर त्याचा पहिला फायदा चालवणाऱ्यालाच होतो.

जेव्हा गाडी आजार मागतो

काही वेळा मात्र घरच्यांनी हसण्यावारी नेऊ नये. आयुष्यभर काटकसरीने राहिलेला माणूस अचानक उधळायला लागला, दोन-तीन तास झोपूनही थकत नसेल, बोलणे थांबत नसेल, एकामागून एक योजना आखत असेल, कुणी अडवले की चिडत असेल, आणि हे दिवसेंदिवस चालू असेल, तर तो उन्माद असू शकतो. पन्नाशीच्या आसपास हे पहिल्यांदाच दिसले तर औषधे, थायरॉइड, मेंदूचे आजार अशी सगळी कारणे तपासावी लागतात.

पार्किन्सनच्या काही औषधांनीही खरेदीची, जुगाराची अनावर इच्छा निर्माण होते. तीन हजारांहून अधिक रुग्णांच्या एका मोठ्या अभ्यासात सुमारे 14 टक्के रुग्णांमध्ये अशी लक्षणे आढळली होती. डॉक्टरांना सांगितले तर औषध बदलता येते, पण ते परस्पर बंद करू नये. मेंदूच्या पुढच्या भागाला होणारा एक स्मृतिभ्रंशही 45 ते 65 या वयात सुरू होऊ शकतो. त्यात विसरण्याच्या आधी स्वभाव बदलतो, तारतम्य जाते.

सर्वांत जास्त नजरेआड राहते ती उदासी. यवतमाळ जिल्ह्याने कर्ज आणि निराशा यांची किंमत फार जवळून पाहिली आहे. इथला पुरुष ‘मला उदास वाटते’ असे सहसा म्हणत नाही. तो चिडतो, जास्त पितो, नाहीतर काहीतरी नवे घेऊन आतली पोकळी भरू पाहतो. दोन आठवडे किंवा अधिक काळ झोप बिघडली असेल, भूक कमी झाली असेल, पूर्वी आवडणाऱ्या कशातच रस उरला नसेल, जगण्यात अर्थ नाही असे वाटत असेल, तर गाडी त्यावरचे औषध नाही. उलट नवे कर्ज ते ओझे वाढवते. 14416 या टेलि-मानस क्रमांकावर कोणत्याही वेळी मोफत आणि मराठीत बोलता येते. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही मानसोपचार मिळतात.

आधी थोडे थांबा

परीक्षा सोपी आहे. ठरवल्यावर तीन महिने थांबावे. एक दिवस ती गाडी भाड्याने किंवा ओळखीच्याकडून घेऊन चालवावी. घरात उघडपणे बोलावे. हप्ता भरून आजारपणासाठी आणि उतारवयासाठी काय उरते, ते कागदावर मांडावे. स्वप्न असेल तर ते तीन महिन्यांनीही तेवढेच ताजे राहील. उन्माद असेल तर तेवढा धीर निघणार नाही, आणि उदासी असेल तर गाडीचा विषय मागे पडून खरे दुखणे वर येईल.

हौसेला मोल नसते, असे आपण म्हणतो. पन्नाशीत नजर ठीक, साखर-रक्तदाब ताब्यात, झोप शांत, घरचे सोबत आणि कर्ज झेपणारे असेल, तर लाल गाडीला म्हातारचळ म्हणण्याचे कारण नाही. फक्त तिचा पहिला रस्ता दिवसाउजेडी असावा, पट्टा लावलेला असावा, आणि शेजारच्या आसनावर ते माणूस असावे ज्याने इतकी वर्षे पांढऱ्या गाडीतून सोबत केली.