सेल्फ बदलण्याआधी

कराडजवळ हायवेला लागून माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. उसाचा हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टरवाले, ट्रकवाले रात्री-अपरात्री येतात आणि बहुतेकांची मागणी ठरलेली असते: "सेल्फ गेलाय, नवीन टाका." मी आधी मीटर लावतो. सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून चालू करणारी स्टार्टर मोटर, हा महागाचा भाग आहे. तो खरंच गेलाय का, हे कळल्याशिवाय गिऱ्हाइकाचा पैसा खर्च करणं मला पटत नाही.

सेल्फ मारल्यावर नुसतं 'टक्' वाजलं आणि इंजिन फिरलं नाही, तर बॅटरी उतरलेली असू शकते, सोलेनॉइडचे पॉइंट जळालेले असू शकतात किंवा सेल्फमधले कार्बन ब्रश झिजलेले असू शकतात. कार्बन थोड्या पैशात बदलून मिळतात. सेल्फ मारताना बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलपासून इंजिनापर्यंत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर अर्थिंग खराब आहे. अशा गाडीला नवा सेल्फ बसवला तरी तो मरगळलेलाच फिरणार.

सेल्फ खरोखर जळाला असेल, तर इंजिनाला काय लागतं ते पाहायचं. पेट्रोल इंजिन हवा साधारण दहापट दाबतं, डिझेल सोळा-अठरापट. डिझेलला ठिणगी देणारा प्लग नसतो. दाबलेल्या हवेच्या उष्णतेवरच ते पेटतं. थंडीच्या पहाटे इंजिन हळू फिरलं तर ती उष्णता सिलिंडरच्या भिंतींतच मुरते आणि गाडी चालू होत नाही. म्हणून लहान पेट्रोल गाडीला साधारण १ किलोवॉटचा सेल्फ पुरतो, डिझेल गाडीला २ किलोवॉटच्या आसपास लागतो आणि मोठ्या ट्रकला २४ व्होल्टचा, ४-५ किलोवॉटचा.

ताकद जुळली म्हणजे काम झालं असं नाही. सेल्फचा पिनियन फ्लायव्हीलच्या रिंगमध्ये अडकून इंजिन फिरवतो. पिनियनला नऊ-दहा दात, रिंगला शंभरच्या वर. दातांची संख्या, दातांचा आकार, फिरण्याची दिशा आणि पिनियन किती पुढे येतो, हे सगळं जुळावं लागतं. बोल्टची भोकं जुळली म्हणून बसवलेला सेल्फ रिंगचे दात खातो. मग रिंग बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि स्वस्तातला सेल्फ फार महागात पडतो.

आतमध्ये गिअर असलेले सेल्फ आकाराने लहान आणि हलके असतात, बॅटरीवरचा ताणही कमी होतो. तुमच्या इंजिनासाठी तसा बनत असेल तर जरूर घ्या. सिग्नलला आपोआप बंद होऊन पुन्हा चालू होणाऱ्या गाडीला मात्र त्याच गाडीसाठीचा सेल्फ हवा. दिवसाकाठी कितीतरी जास्त वेळा फिरायचं म्हणून तो वेगळा बनवलेला असतो. साधा तिथे लवकर झिजतो.

नवा बसवल्यावर एका दमात दहा सेकंदांहून जास्त सेल्फ मारू नका; अर्धा मिनिट थांबा, मग पुन्हा मारा. सलग मारला की आतली वाइंडिंग जळते.

आणि खरेदीला जाताना जुना सेल्फ सोबत न्या. त्याच्या पट्टीवर पार्ट नंबर आणि व्होल्टेज असतं. नवा आणि जुना शेजारी ठेवून दात मोजा, लांबी पाहा. हे काम पाच मिनिटांचं आहे. ते तुमच्यासमोर करायला जो मिस्त्री तयार असेल, त्याच्याच हाती गाडी द्या.