खिशातल्या फोनमधला खोडकिडा



पूर्वी ऊसबिल कसे मिळे, ते जुन्या मंडळींना आठवत असेल. सोसायटीच्या दारात रांग आणि सेक्रेटरींची वाट पाहणे. आता बिल परस्पर बँकेत जमा होते आणि फोन टिणकन वाजतो. सोय मोठीच झाली. पण ज्या फोनला खाते जोडले, त्याच फोनमध्ये आता कीड शिरू लागली आहे.

गेल्या हंगामात आमच्याच घरी हा प्रकार घडला. धाकट्या भावाच्या व्हॉट्सॲपवर एक फाइल आली. नाव 'पीएम किसान यादी' आणि शेवटी तीन अक्षरे, एपीके. पाठवणारा पाव्हणा ओळखीचा. भाऊ म्हणाला, "दादा, दोन हजाराचा हप्ता अडकलाय, नाव हाय का बघतो." यादी काही उघडली नाही. सकाळी पाहतो तर ऊसबिलाचे चाळीस हजार गायब! पाव्हण्याला विचारले, तर तो म्हणतो, "मी कुठं काय पाठवलं?" त्याच्या फोनला आधीच कीड लागलेली, फाइल त्याच्या नावाने आपोआप सुटली होती.

एपीके म्हणजे यादी नव्हे, फोटोही नव्हे. अँड्रॉइड फोनमध्ये बसवायचे ते अख्खे ॲप असते. फाइल नुसती येऊन पडली म्हणून सहसा काही बिघडत नाही. ती बसवू लागलो की फोन स्वतःच आडवा येतो, 'अनोळखी ठिकाणचे ॲप बसवू का?' आपण हो म्हणतो. मग 'मेसेज वाचू का?' तिथेही हो. खरा घोळ इथेच. बँकेचा ओटीपी मेसेजनेच येतो. ॲपने तो वाचला की चोराकडे रवाना. "मी ओटीपी कुणालाच सांगितला न्हाई," असे भाऊ शपथेवर सांगत होता, आणि ते खरेच होते. काही ॲप तर 'ॲक्सेसिबिलिटी'ची परवानगी मागतात. ही सोय मुळात अंध-अपंगांसाठी. ती दिली की पडद्यावरचे सारे त्याला वाचता येते, आपल्या वतीने बटणेही दाबता येतात. वर चिन्ह लपवून बसते ते वेगळेच. खोडकिड्याचे असेच असते. ऊस वरून हिरवा, आणि पोंगा ओढावा तर हातात येतो.

हीच फाइल कधी गाडीच्या दंडाची पावती होऊन येते, कधी लग्नपत्रिका. पीएम किसानचे नाव पाहायचे तर सरकारी संकेतस्थळावर पाहावे, ॲप घ्यायचे तर प्ले स्टोअरवरून. (तिथेही क्वचित खोटे सापडते, पण पुष्कळच कमी.) व्हॉट्सॲपवर आलेले ॲप मात्र सख्ख्या भावाने पाठवले तरी बसवू नये.

बसवलेच असेल तर लाजू नका. आधी फोनचे नेट बंद करा आणि दुसऱ्याच्या फोनवरून १९३० ला व आपल्या बँकेला कळवा. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतो. तक्रार लगेच गेली तर तो वाटेत थोपवता येतो. नंतर सेटिंगमधून ॲप काढा. निघत नसेल तर जाणकाराकडून फोन पूर्ण पुसून घ्या. पासवर्ड आणि यूपीआय पिन बदला.

आमचा भाऊ घरचे बोलतील म्हणून दोन दिवस गप्प राहिला. तिसऱ्या दिवशी तक्रार केली, तेव्हा साडेचार हजारच थोपले गेले. लागणीचे खत यंदा उधारीवर आणले आहे.