पान्हा, दूध आणि स्तनरचना

इंद्रायणीकाठचे चिखली हे गाव १९९७ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत समाविष्ट झाले. कारखान्यांच्या ओढीने मराठवाडा, विदर्भ व खानदेश येथील कुटुंबे येथे स्थिरावली. त्यामुळे बोलींच्या अभ्यासकास येथे मुद्दाम हिंडावे लागत नाही. अशाच एका घरी बाळ-बाळंतिणीस पाहावयास गेले असता सासूबाईंचे वाक्य प्रस्तुत लेखिकेच्या कानी पडले : “हिचं अंगच बारीक, दूध कुठून येणार?” सून म्हणाली, “दूध आहे हो आत्या, पान्हाच फुटंना.” दोन्ही वाक्ये स्तनरचनेविषयीच आहेत, त्यांची पारख करून पाहणे उद्बोधक ठरेल.

सासूबाईंच्या विधानास आधार नाही. स्तनाचा आकार बव्हंशी मेदावर अवलंबून असतो. दूध निर्माण होते ते ग्रंथिपेशींत. लहान स्तनात दोन पाजण्यांच्या दरम्यान साठा कमी राहू शकतो, म्हणून बाळास अधिक वेळा घ्यावे लागते. दिवसभराचे दूध त्यामुळे उणे पडत नाही.

सुनेचे विधान मात्र विलक्षण नेमके आहे. ‘पान्हा’ हा शब्द संस्कृत ‘प्रस्नव’, प्राकृत ‘पण्हव’ या मार्गाने आला. मुळात ‘स्नु’ म्हणजे पाझरणे. दूध ही वस्तू आणि पान्हा ही क्रिया, असा भेद आपल्या भाषेने जपला. १८४० साली अ‍ॅस्टली कूपर या इंग्रज शल्यविशारदाने दुग्धनलिकांत रंगीत मेण भरून स्तनाची रचना रेखाटली. पुढे पाठ्यपुस्तकांतून १५ ते २० नलिका आणि बोंडामागे दूध साठविणारे कोष, असे चित्र रूढ झाले. ऑस्ट्रेलियात डोना रॅमसे व त्यांच्या सहकाऱ्यांनी दूध पाजणाऱ्या मातांची सोनोग्राफीने केलेली पाहणी २००५ साली प्रसिद्ध झाली. तीत मुख्य नलिका सरासरी ९ आढळल्या आणि ते कोष आढळलेच नाहीत. अर्थात बोंडापाशी दूध आयते साठलेले नसते. बाळाच्या चोखण्याने ऑक्सिटोसिन स्रवावे, त्याने ग्रंथींभोवतीच्या पेशी आकुंचन पावाव्यात, तेव्हा दूध पुढे येते. वेदना, भीती, संकोच यांनी ही क्रिया अडते. नवख्या माणसाने धार काढावयास घेतली की गाय ‘पान्हा चोरते’, हे गुराख्यास कोणी शिकवावे लागले नाही.

बोंडाच्या घडणीविषयी गैरसमज याहून अधिक आहेत. सपाट वा आत ओढलेले बोंड ही खरी अडचण होय, परंतु बहुधा दुर्लंघ्य नव्हे; कारण बाळाने केवळ बोंड नव्हे, तर भोवतालच्या काळसर वर्तुळाचा बराच भाग तोंडात घ्यावयाचा असतो. आत गेलेल्या बोंडासाठी दावणगिरीच्या डॉक्टरांनी १९९३ साली एक साधा उपाय प्रसिद्ध केला : इंजेक्शनच्या पिचकारीचे सुई लावावयाचे टोक कापावयाचे, त्या कापलेल्या बाजूने दट्ट्या घालावयाचा आणि गुळगुळीत बाजू स्तनाशी टेकवून हलकेच ओढावयाचे. इतक्या स्वस्त साधनाची वार्ता अद्याप घरोघरी पोहोचू नये, याचे नवल वाटते.

काही मातांत मात्र ग्रंथिपेशीच अपुऱ्या वाढलेल्या असतात, तर काहींच्या नलिका वा मज्जातंतू शस्त्रक्रियेत तुटलेले असतात. तेथे ‘मन लावून पाज’ हा उपदेश क्रूर ठरतो. बाळाचे वजन पाहून वैद्यकीय सल्ल्याने पूरक दूध द्यावेच लागते. पण निर्णय वजनावरून आणि लघवीवरून व्हावा, आईच्या बांध्यावरून नव्हे.

आपण ‘अंगावरचे दूध’ आणि ‘वरचे दूध’ असा जोड वापरतो. त्या घरी वरचे दूध आधीच सुरू झाले होते. स्तन रिता होत नाही तेव्हा निर्मितीही मंदावते. म्हणजे सासूबाईंचे भाकीत त्यांच्याच उपायाने खरे ठरण्याच्या बेतात होते. दवाखान्यातील परिचारिकेने बाळ उराशी नीट लावून दाखविले, तोंड मोठे उघडू दिले. दुखणे थांबले आणि दोन दिवसांनी सून म्हणाली, “आता पाजताना दुसऱ्या बाजूनंही गळतं.”