हातमोजे खाली, मुठी वर!

12 जून 1983. कॅनडातल्या एडमंटन शहरात बॉक्सिंगची रिंग सजली होती. एका कोपऱ्यात साक्षात मोहम्मद अली आणि दुसऱ्या कोपऱ्यात डेव्ह सेमेंको. हा गडी बॉक्सर नव्हताच, तो आइस हॉकी खेळायचा. तीन फेऱ्यांची ही प्रदर्शनीय लढत बरोबरीत सुटली!

सेमेंको एडमंटन ऑयलर्सचा ‘एन्फोर्सर’ होता. आपल्या संघातल्या हिऱ्याच्या वाटेला कुणी गेला, की हातमोजे फेकून त्याचा हिशेब चुकता करायचा, हे एन्फोर्सरचं काम. ऑयलर्सचा हिरा होता वेन ग्रेट्झ्की, या खेळातला आजवरचा सर्वांत नावाजलेला खेळाडू. ग्रेट्झ्कीला धक्का द्यायचा तर आधी सेमेंकोचा विचार करावा लागे. 1983 च्या ऑल-स्टार सामन्यात सर्वोत्तम खेळाडू म्हणून ग्रेट्झ्कीला मोटारगाडी मिळाली, ती त्याने सरळ सेमेंकोला देऊन टाकली. पुढे ऑगस्ट 1988 मध्ये ग्रेट्झ्कीची लॉस एंजेलिसला रवानगी झाली, तेव्हा त्याने आग्रह धरून एन्फोर्सर मार्टी मॅक्सॉर्लीलाही बरोबर नेलं. गोल करणाऱ्यांना आपल्या गोलांमागे कुणाच्या मुठी आहेत हे पक्कं ठाऊक होतं.

पाच मिनिटं बाहेर बस!

बहुतेक खेळांत मारामारी केली की थेट घरचा रस्ता. उत्तर अमेरिकेतल्या एनएचएल या मोठ्या व्यावसायिक लीगमध्ये मात्र शिक्षा पाच मिनिटांची. दोघंही भिडले तर दोघंही पेनल्टी बॉक्समध्ये, म्हणजे बर्फाबाहेरच्या शिक्षेच्या जागेत, बसतात आणि त्यांच्या जागी दुसरे खेळाडू येतात. दोन्ही संघांचं बळ सारखंच राहतं. म्हणूनच ही भूमिका इतकी वर्षं टिकली. 1992 मध्ये भांडण उकरून काढणाऱ्याची शिक्षा वाढवली गेली, तेव्हा कुठे प्रशिक्षक थोडे विचारात पडले.

प्रत्यक्ष मारामारी कशी चालते तेही पाहा. पायात धारदार स्केट्स, खाली बर्फ. शेवाळलेल्या फरशीवर कुस्ती धरावी तसा प्रकार! ठोसा मारताना पायाला आधारच मिळत नाही, म्हणून एका हाताने प्रतिस्पर्ध्याची जर्सी खांद्यापाशी किंवा कोपरापाशी घट्ट मुठीत धरायची. त्याने आपला तोलही सावरतो आणि समोरच्याचा ठोसाही अडतो. लाइन्समन, म्हणजे साहाय्यक पंच, बाजूला उभे राहून बघत असतात. कुणी खाली पडला किंवा दमला, की मगच मध्ये पडतात.

बफेलोच्या रॉब रेने यावर तोड काढली. भांडण सुरू झालं की तो जर्सीच अंगातून काढून टाकायचा. समोरच्याने धरायचं काय? शेवटी जर्सी मागून पँटला पट्ट्याने बांधलेली असलीच पाहिजे, असा नियम लीगला कडक करावा लागला.

शिक्षेचे शेर

डेव्ह ‘टायगर’ विल्यम्सच्या नावावर एनएचएल कारकिर्दीतली 3,966 मिनिटांची शिक्षा आहे. सहासष्ट तास! अडीच दिवसांहून जास्त वेळाची ही शिक्षा. पण तो नुसता मारका बैल नव्हता. 1980-81 च्या हंगामात त्याने 35 गोल केले. त्यातला एक टोरोंटोविरुद्ध, म्हणजे ज्या संघाने काही महिन्यांपूर्वीच त्याला व्हँकुव्हरला पाठवून दिलं होतं त्याच संघाविरुद्ध, त्यांच्याच मैदानावर. गोल झाल्यावर पठ्ठ्याने हॉकी स्टिकवर घोड्यासारखी मांड टाकली आणि बर्फभर रपेट मारली.

एका हंगामातला विक्रम फिलाडेल्फियाच्या डेव्ह शुल्ट्झचा: 1974-75 मध्ये 472 मिनिटं. त्याच्या संघाला ‘ब्रॉड स्ट्रीट बुलीज’ म्हणत. दादागिरी करत त्यांनी 1974 आणि 1975 असे लागोपाठ दोन स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलची विजेतेपदं, जिंकले. पेनल्टी बॉक्सवर शुल्ट्झने गाण्याची रेकॉर्डसुद्धा काढली! विल्यम्स, शुल्ट्झ आणि पुढे ज्याच्याबद्दल सांगायचं आहे तो डेरेक बूगार्ड, तिघंही कॅनडातल्या सस्कॅचवानचे. दूरवर पसरलेली गव्हाची शेतं आणि कडाक्याची थंडी यांचा हा प्रांत.

पेनल्टी बॉक्समध्येही शांतता असेलच असं नाही. मार्च 2001 मध्ये फिलाडेल्फियात एन्फोर्सर टाय डोमी तिथे बसला होता. प्रेक्षक वस्तू फेकू लागले, तेव्हा त्याने त्यांच्यावर बाटलीतलं पाणी उडवलं. एक प्रेक्षक चिडून काचेवर झेपावला, काच निसटली आणि स्वारी थेट डोमीच्या पुढ्यात!

या धंद्यात अदबही होती. बेसावध माणसावर हात टाकायचा नाही, खाली पडलेल्याला मारायचं नाही. एन्फोर्सर जॉर्ज लाराक एकदा अंगावर माइक लावून खेळत होता. समोरच्याला त्याने भिडणार का असं विचारलं आणि वर शुभेच्छा दिल्या. मग दोघांनी एकमेकांना बुकलून काढलं. हाच लाराक पुढे शुद्ध शाकाहारी झाला आणि कॅनडाच्या ग्रीन पार्टीचा उपनेताही.

आपल्याकडचा एक धागाही इथे आहे. भारतीय वंशाचा पहिला एनएचएल खेळाडू रॉबिन बावा. ब्रिटिश कोलंबियातल्या पंजाबी कुटुंबातला हा मुलगा 1989 मध्ये वॉशिंग्टनकडून उतरला. ज्युनियर हॉकीत त्याने गोलांचा सपाटा लावला होता, पण एनएचएलमध्ये त्याला दांडगाईच्याच भूमिकेत उभं केलं गेलं. एकूण 61 सामने त्याच्या वाट्याला आले. त्या काळात त्या चेहऱ्याने तिथवर पोचणं सोपं नव्हतं, म्हणून मला या 61 चं मोल फार वाटतं.

मतं मिळाली, मैदानही मारलं

आता माझा सर्वांत लाडका किस्सा. एन्फोर्सर जॉन स्कॉट, उंची सहा फूट आठ इंच, हातात मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी. अख्ख्या कारकिर्दीत 286 सामने आणि गोल फक्त पाच. 2016 च्या ऑल-स्टार सामन्यासाठी चाहत्यांनी गंमत म्हणून त्याला भरभरून मतं दिली आणि तो एका संघाचा कर्णधार म्हणून निवडून आला. लीगला घाम फुटला. माघार घे, असं त्याला सुचवण्यात आलं. तुझ्या मुलांना याचा अभिमान वाटेल का, असंही लीगच्या एका माणसाने विचारल्याचं स्कॉटने नंतर लिहिलं. तेवढ्यात ॲरिझोनाने त्याला मॉन्ट्रियलकडे धाडलं आणि मॉन्ट्रियलने खालच्या लीगमध्ये, पार न्यूफाउंडलंडला. घरी दोन लहान मुली, बायकोला जुळ्यांचे दिवस भरत आलेले.

तरी तो ऑल-स्टार सामन्यासाठी नॅशव्हिलला आला. 31 जानेवारीच्या त्या संध्याकाळी त्याने पहिल्याच लढतीत दोन गोल ठोकले. त्याच्या संघाने स्पर्धा आणि दहा लाख डॉलरचं बक्षीस जिंकलं. सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानाच्या यादीत त्याचं नाव नव्हतं, तर लोकांनी ते स्वतःहून लिहून त्यालाच निवडलं. मोठमोठ्या खेळाडूंनी त्याला खांद्यावर उचललं. त्याचं हेल्मेट हॉकीच्या हॉल ऑफ फेममध्ये गेलं.

मुठींची किंमत

आता डेरेक बूगार्ड. सहा फूट सात इंच, टोपणनाव ‘बूगीमॅन’, 277 सामन्यांत तीन गोल. पंधराव्या वर्षी एका सामन्यात तो संतापून एकटाच प्रतिस्पर्ध्यांच्या बाकावर घुसला. प्रेक्षकांत ज्युनियर संघाचे निवडकर्ते बसले होते, त्यांनी तिथेच त्याला हेरलं. 2006 मध्ये त्याच्या एका ठोशाने टॉड फेडोरुकच्या गालाचं हाड चुरलं, चेहऱ्यात धातूच्या पट्ट्या बसवाव्या लागल्या. पुढच्याच हंगामात फेडोरुक मिनेसोटात त्याचा सहकारी झाला, आणि दोघांचं जमलंही!

मे 2011 मध्ये, वेदनाशामक गोळ्या आणि दारू यांचा मेळ जीवघेणा ठरून बूगार्ड गेला. वय 28. मेंदूच्या तपासणीत सीटीई निघाला. डोक्यावर वारंवार बसणाऱ्या आघातांमुळे होणारा हा विकार मृत्यूनंतरच खात्रीने सांगता येतो. डेट्रॉइटचा नामांकित एन्फोर्सर बॉब प्रोबर्ट 45 व्या वर्षी गेला, त्याच्याही मेंदूत तो सापडला होता. 2011 च्याच ऑगस्टमध्ये रिक रिपियन आणि वेड बेलाक हे आणखी दोघे एन्फोर्सर गेले. 2018 मध्ये डोक्याच्या दुखापतींबाबत लीगने माजी खेळाडूंशी 1.89 कोटी डॉलरची तडजोड केली, जबाबदारी मात्र मान्य केली नाही. हे मला खटकतं.

निव्वळ मुठींवर जागा मिळवणारे खेळाडू आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत. भडका मात्र अजून उडतो. 3 एप्रिल 2024 ला न्यूयॉर्कमध्ये रेंजर्स आणि डेव्हिल्स यांच्या सामन्यात चकती (पक) बर्फावर पडताक्षणीच गोलरक्षक सोडून मैदानातले दहाच्या दहा जण भिडले. आठ जणांना बाहेर काढलं.

क्वेबेकच्या ज्युनियर लीगने मात्र 2023-24 पासून मारामारी करणाऱ्याला सामन्याबाहेर काढायला सुरुवात केली आहे. तिथे खेळणारी पोरं सोळा ते वीस वर्षांची. कॅनडातल्या बाकीच्या ज्युनियर लीगनीही हा नियम उचलावा, म्हणजे शाळकरी मुलाला त्याच्या ठोशांवरून कुणी हेरणार नाही.